डिकीतील डबा आणि उद्याची चिंता

२ जानेवारी २०२४ रोजी सकाळी साडेसहाच्या सुमारास प्रस्तुत लेखक नाशिकमधील एका पेट्रोल पंपाबाहेर आपल्या जुन्या डिझेल मोटारीसह रांगेत उभा होता. मोटारीची टाकी निम्म्याहून अधिक भरलेली होती. त्या आठवड्यात परगावी जाण्याचे काही प्रयोजन नव्हते आणि महाविद्यालय घरापासून चार किलोमीटरवर, म्हणजे पायीही जाता येईल इतके जवळ. तरीही मी रांगेत होतो, आणि एवढेच नव्हे, तर मोटारीच्या डिकीत वीस लिटरचा एक पांढरा प्लास्टिकचा कॅन ठेवलेला होता. पूर्वी त्यात पिण्याचे पाणी असे.

त्या दोन दिवसांत काय घडले होते हे वाचकांना आठवत असेल. नव्या भारतीय न्याय संहितेच्या कलम १०६ च्या दुसऱ्या पोटकलमात, हयगयीने वाहन चालवून कोणाचा मृत्यू घडवून पोलिसांना वा न्यायाधीशांना न कळवता पळून जाणाऱ्या चालकास दहा वर्षांपर्यंत कैदेची तरतूद होती. तिच्या निषेधार्थ १ जानेवारीपासून ट्रक व टँकरचालकांनी ठिकठिकाणी काम थांबविले. नाशिक जिल्ह्यात मनमाडजवळ पानेवाडी येथे तेल कंपन्यांचे मोठे डेपो आहेत आणि उत्तर महाराष्ट्र व मराठवाड्याच्या बऱ्याच भागाचे इंधन तेथून निघते. तेथील टँकर थांबल्याची बातमी पसरताच पंपांवर रांगा लागल्या. चंदीगडमध्ये तर प्रशासनाने दुचाकीस दोन लिटर आणि मोटारीस पाच लिटर अशी मर्यादा घातली. २ तारखेच्या रात्री दिल्लीत केंद्रीय गृहसचिव आणि वाहतूकदारांच्या संघटनेचे प्रतिनिधी यांची बैठक होऊन हे पोटकलम सल्लामसलतीशिवाय लागू होणार नाही असे आश्वासन मिळाले, आणि संप मिटला. पुढे १ जुलै २०२४ रोजी संहिता अमलात आली ती त्या पोटकलमाविना. म्हणजे ज्या टंचाईसाठी आम्ही रांगा लावल्या, ती दोन दिवसांचीही नव्हती. पण माझा कॅन भरला गेला होता आणि तो डिकीत जाऊन बसला होता. त्या कॅनची पुढील हकीकत सांगण्यापूर्वी, त्या रांगेचा थोडा हिशेब मांडणे अर्थशास्त्राच्या शिक्षकास प्राप्तच आहे.

रांगेचे गणित

एखाद्या शहरात एक लाख मोटारी आहेत असे धरू. प्रत्येकीची टाकी चाळीस लिटरची, आणि कोणत्याही दिवशी सरासरीने ती निम्मी भरलेली. प्रत्येक मोटार रोज दोन लिटर इंधन जाळते. अशा शहराची रोजची गरज दोन लाख लिटर, म्हणजे वीस हजार लिटरचे दहा टँकर. आता एके सकाळी सर्वांनी टाकी काठोकाठ भरून घ्यायचे ठरविले, तर एका दिवसात वीस लाख लिटर लागतील, म्हणजे शंभर टँकर. त्यावर प्रत्येकाने डिकीत वीस लिटरचा एक डबा भरून ठेवायचे ठरविले, की आणखी शंभर. आकडे उदाहरणादाखल घेतले आहेत. त्यांतील गुणोत्तर मात्र वस्तुस्थितीपासून फार दूर नाही. संप नसतानाही दहाच्या जागी दोनशे टँकर एका दिवसात आणणारी व्यवस्था जगात कोठेही नाही, आणि असूही नये. कारण तिचा खर्च उरलेले तीनशे चौसष्ट दिवस आपल्यालाच सोसावा लागेल.

केन्स यांनी १९३६ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात लोक रोख पैसा जवळ का बाळगतात याची जी कारणे सांगितली, त्यांत दक्षतेचा हेतू हे एक होते. उद्या काय प्रसंग येईल सांगता येत नाही, म्हणून थोडे गाठीला असावे. ही प्रवृत्ती व्यक्तीच्या दृष्टीने शहाणपणाची आहे. आमच्या आजीने कणगीत धान्य, फडताळात गूळ आणि देवघरातील डब्यात दहा-दहाच्या नोटा याच हेतूने ठेवल्या होत्या आणि त्याबद्दल तिला कोणी मूर्ख म्हटले नाही. परंतु जे एकट्याने केले असता शहाणपणाचे, ते सर्वांनी एकाच सकाळी केले की ज्या संकटाची भीती होती तेच ओढवते. समाजशास्त्रज्ञ रॉबर्ट मर्टन यांनी १९४८ मध्ये अशा भाकितांवर लिहिले आणि बँकेवर पडणाऱ्या ठेवीदारांच्या धाडीचे उदाहरण दिले. पंपावरची रांग ही त्याच जातीची. फरक एवढाच की बँकेतून काढलेल्या नोटा घरी नेऊन ठेवल्या असता पेट घेत नाहीत.

या शेवटच्या वाक्यात विनोद करण्याचा हेतू नाही. मार्च २०१२ मध्ये ब्रिटनमध्ये टँकरचालकांच्या संपाची नुसती शक्यता निर्माण झाली होती. त्या वेळचे मंत्री फ्रान्सिस मॉड यांनी लोकांना जाहीरपणे सांगितले की टाकी भरून ठेवा, आणि थोडे जादा इंधन जेरी कॅनमध्ये भरून गॅरेजमध्ये ठेवले तर बरे. अग्निशमन कर्मचाऱ्यांच्या संघटनेने या सल्ल्यास तत्काळ आक्षेप घेतला. पंपांवर झुंबड उडाली, अनेक पंप कोरडे पडले. आणि दोनच दिवसांनी यॉर्क शहरात एक स्त्री आपल्या स्वयंपाकघरात एका भांड्यातून दुसऱ्या भांड्यात पेट्रोल ओतत असताना, जवळच गॅसची शेगडी चालू असल्याने वाफांनी पेट घेतला व ती गंभीर भाजली. संप झालाच नाही.

या घटनेबद्दल मंत्र्यांना दोष देणे सोपे आहे आणि तो त्या वेळी भरपूर दिला गेला. मला त्यात वेगळीच गोष्ट जाणवते. मंत्र्यांनी साठा करण्याचा सल्ला दिला. पण भांडे कोणते, ते कोठे ठेवावे, त्यातून ओतावे कसे, याविषयी चकार शब्द नव्हता. इंधनाबद्दलचे आपले सारे सार्वजनिक बोलणे किमतीचे आणि पुरवठ्याचे असते. त्या द्रव्याच्या स्वभावाविषयी कोणी बोलत नाही, आणि आम्ही अर्थशास्त्राची मंडळी तर सर्वांत कमी बोलतो.

मे महिन्यातील डिकी

आता माझ्या कॅनकडे वळू. संप मिटला, रांगा ओसरल्या आणि कॅन विसरला गेला. तो जानेवारीपासून मेपर्यंत डिकीतच राहिला. वर चटई, जुनी वर्तमानपत्रे, मुलाची बॅट. मे महिन्याच्या तिसऱ्या आठवड्यात पत्नीच्या मामेबहिणीच्या लग्नासाठी आम्ही सहकुटुंब अकोल्यास निघालो. बरोबर पत्नीचे थोरले बंधूही होते. धुळे, जळगाव ओलांडून भुसावळच्या पुढे पोहोचलो तेव्हा दुपारचे दोन वाजले होते. खानदेशातील मे महिन्याच्या दुपारीविषयी ज्यांनी ती भोगली आहे त्यांना सांगण्याची गरज नाही. मुलाला मळमळू लागले. मोटारीत डिझेलचा वास येत होता. तो इंजिनाचा असावा असे समजून मी काचा खाली केल्या. वास गेला नाही. तेव्हा एका चहाच्या टपरीपाशी थांबून आम्ही डिकी उघडली.

कॅन फुगून गोल झाला होता. झाकणाच्या आट्यांतून डिझेल पाझरून चटई, वर्तमानपत्रे आणि लग्नात द्यायच्या आहेराची पिशवी भिजली होती. मेहुणे मोटारीतून उतरताच सवयीने सिगारेट तोंडात धरून काडी ओढत माझ्या शेजारी येऊन डिकीत वाकले. पत्नी मागून ओरडली, “दादा, आधी ती काडी फेक!” त्यांनी काडी हाताने हलवून विझविली आणि काहीशा रागानेच म्हणाले, “अगं, डिझेल आहे ते. डिझेल कधी असं पेटतं का?”

टपरीच्या शेजारी ट्रक दुरुस्तीचे एक लहान गॅरेज होते. तेथील मेस्त्रींनी येऊन काही न बोलता कॅन उचलून सावलीत ठेवला, भिजलेली चटई बाहेर काढून दूर टाकली आणि मग माझ्याकडे वळून म्हणाले, “सर, डिझेल बादलीत पेटत नाही लवकर. पण कपड्यात भिनलं की कंदिलाच्या वातीसारखं धरतं. आणि ह्या उन्हात तर विचारू नका.” कॅनचे झाकण त्यांनी कपडा धरून अगदी सावकाश, थोडे थोडे फिरवून सैल केले. आतील हवा फुसफुसत बाहेर आली. मला ‘सर’ म्हणणारा हा मनुष्य त्या क्षणी माझा शिक्षक होता, हे नमूद करणे भाग आहे.

मेहुण्यांच्या वाक्यात आपल्या साऱ्या समाजाची समजूत आहे. डिझेल पेटत नाही, पेट्रोल पेटते. ही समजूत निम्मी खरी आहे, आणि म्हणूनच अधिक धोक्याची. कोणत्याही तेलाच्या पृष्ठभागावर ठिणगीने पेट घेईल इतकी वाफ ज्या किमान तापमानास साचते, त्यास फ्लॅश पॉइंट म्हणतात. पेट्रोलच्या बाबतीत हे तापमान शून्याखाली सुमारे चाळीस अंश आहे. म्हणजे लडाखच्या हिवाळ्यातही पेट्रोलची वाफ पेट घेण्यास सिद्ध असते. डिझेलचा फ्लॅश पॉइंट याहून पुष्कळ वरचा. युरोपात त्याची किमान मर्यादा ५५ अंश सेल्सियस ठरविलेली आहे. आपल्याकडे मात्र भारतीय मानकाप्रमाणे ती किमान ३५ अंश आहे. प्रत्यक्ष मिळणारे डिझेल त्याहून सरस असू शकते; पण मानकाची हमी तेवढीच. आणि पस्तीस अंश म्हणजे काय? जळगाव, अकोला, नागपूर येथील मे महिन्यातील दुपार त्याच्या आठ-दहा अंश पुढे असते. उन्हात उभ्या असलेल्या बंद मोटारीचे अंतरंग बाहेरच्या हवेपेक्षा आणखी वीसएक अंशांनी सहज तापते. डिकी तेवढी तापत नसली तरी पस्तीसची मर्यादा तिने केव्हाच ओलांडलेली असते. लंडनमधील डिकीत जे तेल सुस्त पडून राहते, ते भुसावळमधील डिकीत जागे झालेले असते. इंग्रजी माहितीपुस्तकांतून डिझेलच्या निरुपद्रवीपणाविषयी जे लिहिलेले असते ते वाचताना आपण आपला उन्हाळा विसरू नये.

फुगण्याचे कारणही साधे आहे. डिझेल दर अंशास सुमारे ०.०८ टक्के प्रसरण पावते. पंपाच्या भूमिगत टाकीतून ते पंचवीसएक अंशाला बाहेर आले आणि डिकीत पन्नास अंशांपर्यंत तापले, तर वीस लिटरमागे जवळजवळ चारशे मिलिलिटरची वाढ होते. मी तर पंपावरील मुलाला “भर बाबा गळ्यापर्यंत” असे सांगितले होते. पैसे देऊन घेतलेल्या कॅनमध्ये एक इंचही रिकामा राहू नये, ही मध्यमवर्गीय काटकसर. तेवढ्या रिकाम्या जागेचीच खरे तर गरज होती.

एका डब्याचा इतिहास

हा प्रश्न नवा नाही. ज्याने तो सर्वांत चांगला सोडविला त्या डब्याचे नाव आज आपण सरसकट कोणत्याही कॅनला देतो. १९३७ च्या सुमारास जर्मन सैन्यासाठी वीस लिटरचा एक पोलादी डबा तयार करण्यात आला. दोन अर्ध्या भागांचे पत्रे जोडून तो केलेला असे. वर तीन मुठी होत्या, त्यामुळे एक माणूस एका हातात दोन रिकामे डबे नेऊ शके आणि भरलेला डबा दोघे मिळून उचलू शकत. बाजूंवर उठविलेल्या खाचांमुळे पत्र्यास प्रसरणाला वाव मिळे. झाकण आट्यांचे नसून खटक्याने घट्ट बसणारे होते, आणि ओतताना हवा आत जावी म्हणून तोंडातच एक बारीक नळी होती. सर्वांत महत्त्वाचे असे की वीस लिटर भरल्यानंतरही आत हवेची एक पोकळी उरे. त्या पोकळीमुळे भरलेला डबा पाण्यावर तरंगेही.

याच डब्याचा भारताशी एक विलक्षण संबंध आहे. पॉल प्लाइस नावाचा एक अमेरिकन अभियंता १९३९ मध्ये बर्लिनहून मोटारीने भारताकडे निघाला. वाटेत पाण्याची सोय नाही हे लक्षात आल्यावर त्याच्या जर्मन सहकाऱ्याने बर्लिनच्या टेम्पलहोफ विमानतळावरील साठ्यातून तीन डबे मिळविले. सहकाऱ्याला अर्ध्या वाटेवरून परत बोलावून घेण्यात आले. प्लाइस कलकत्त्यापर्यंत आला आणि मोटार तेथे ठेवून विमानाने स्वदेशी गेला. त्या डब्याची माहिती त्याने अमेरिकन लष्कराला दिली, तेव्हा आरंभी कोणी फारसे मनावर घेतले नाही. इकडे उत्तर आफ्रिकेच्या वाळवंटात ब्रिटिश सैन्य पातळ पत्र्याच्या चार गॅलनच्या डब्यांतून पेट्रोल नेत होते. ते डबे वाटेतच फुटत, गळत. एका अंदाजाप्रमाणे इंधनाचा सुमारे तीस टक्के भाग असा वाया जात असे. शेवटी शत्रूकडून हस्तगत केलेल्या डब्यांवरून ब्रिटिशांनी व अमेरिकनांनी तसेच डबे लक्षावधींनी बनविले. ‘जेरी’ हे जर्मनांसाठी ब्रिटिश सैनिकांनी वापरलेले टोपणनाव. त्यावरून जेरी कॅन.

तीस टक्के इंधन वाया घालविणारा डबा स्वस्त होता, हे येथे ध्यानात घेण्याजोगे आहे. माझा पांढरा कॅन तर फुकटच होता.

कायदा काय म्हणतो

आपल्याकडे १९३४ चा पेट्रोलियम कायदा आहे. फ्लॅश पॉइंटनुसार त्याने वर्ग पाडले आहेत. तेवीस अंशांखालील ते ‘अ’ वर्गाचे, म्हणजे पेट्रोल. तेवीस ते पासष्ट अंशांमधील ‘ब’ वर्गाचे, त्यात आपले डिझेल येते. ‘ब’ वर्गाच्या बाबतीत कायदा फारच उदार आहे. एका ठिकाणी एकूण २,५०० लिटरपर्यंत साठा असेल आणि कोणतेही भांडे १,००० लिटरपेक्षा मोठे नसेल, तर परवान्याची आवश्यकता नाही असे त्यात म्हटले आहे. शेतकऱ्याच्या ट्रॅक्टरसाठी वा पंपासाठी खळ्यावर पिंप असते ते या उदारतेमुळेच, आणि ते योग्यही आहे. पेट्रोलच्या बाबतीत मात्र विक्रीसाठी नसलेल्या साठ्याला तीस लिटरची मर्यादा आहे, आणि भांडे काचेचे वा दगडी असेल तर एक लिटरचे, धातूचे असेल तर पंचवीस लिटरचे, घट्ट बुचाचे असावे असे सांगितले आहे. प्लास्टिकचा उल्लेख तेथे नाही. १९३४ साली तो असणेही शक्य नव्हते.

म्हणजे माझा वीस लिटरचा साठा संख्येच्या दृष्टीने कायद्याच्या पुष्कळच आत होता. पण संख्या कायदेशीर असणे आणि भांडे सुरक्षित असणे या दोन वेगळ्या गोष्टी होत. आपल्या पंपांवर या बाबतीत जो व्यवहार चालतो त्यात मला मोठी विसंगती दिसते. कॅनमध्ये देणार नाही, असे काही पंप फलक लावून सांगतात. शेजारचा पंप ओळखीच्या माणसाला दुधाच्या किटलीतही देतो. संपाच्या अफवेच्या दिवशी तर कोणी काही पाहतच नाही. वास्तविक जो शेतकरी पंधरा किलोमीटरवरून येतो त्याला नाही म्हणणे हा त्याच्यावर अन्याय आहे, आणि माझ्यासारख्या नोकरदाराला पाण्याच्या कॅनमध्ये हो म्हणणे हा माझ्या शेजाऱ्यांवर. मधला मार्ग असा की पंपावरच मजबूत, शिक्का मारलेला, भरण्याची रेघ दाखविणारा डबा वाजवी दरात विकत मिळावा आणि इंधन त्यातच दिले जावे. मोटारीचे ऑइल, हवेचे सुगंधी तुकडे, मुलांसाठी चॉकलेट, सारे काही मी पंपांवर विकावयास ठेवलेले पाहिले आहे. असा डबा मात्र आजवर पाहिला नाही.

टाकीबाहेरचे तेल हा आपल्याकडे केवळ अपघाताचा विषय नाही, हेही येथे सांगितले पाहिजे. पानेवाडी हे नाव २५ जानेवारी २०११ रोजी साऱ्या महाराष्ट्राने ऐकले ते मालेगावचे अतिरिक्त जिल्हाधिकारी यशवंत सोनवणे यांच्या हत्येमुळे. तेलातील भेसळीचा प्रकार पकडावयास गेलेल्या या अधिकाऱ्यास तेथे जिवंत जाळण्यात आले. स्वस्त रॉकेल आणि महाग डिझेल यांच्या दरांतील जी तफावत आमच्या वर्गात फळ्यावरच्या दोन रेषांनी दाखविली जाते, तिने तेथे माणसाचा बळी घेतला. डिझेलचे दर १८ ऑक्टोबर २०१४ च्या निर्णयाने नियंत्रणमुक्त झाले आणि काळ बदलला. पण टाकीबाहेर, हिशेबाबाहेर असलेल्या तेलाभोवती लोभ आणि आग ही दोन्ही घुटमळतात, हे विसरता येत नाही.

मग ठेवावा की नाही?

डिझेल मोटारीच्या मालकास राखीव इंधनाची चिंता अधिक वाटते, त्याला एक तांत्रिक कारण आहे. पेट्रोलची मोटार बंद पडली की पेट्रोल घालून चालू होते. डिझेलची टाकी पूर्ण आटली तर नळ्यांत हवा शिरते, मेस्त्रींच्या भाषेत ‘एअर पकडते’, आणि ती काढल्याखेरीज इंजिन चालू होत नाही. नव्या मोटारींतील उच्च दाबाच्या पंपाला वंगण मिळते ते डिझेलचेच. तो कोरडा फिरल्यास खराब होण्याची भीती असते. म्हणून आटेपर्यंत न चालविणे हे खरे धोरण. पंचेचाळीस लिटरची टाकी आणि लिटरमागे पंधरा-सोळा किलोमीटर हे प्रमाण धरले तर भरल्या टाकीवर सातशे किलोमीटर जाता येते. महाराष्ट्रात मुख्य रस्त्यांवर एवढ्या अंतरात पंप किती लागतात हे कोणीही मोजावे. टाकी पाव राहिली की भरणे, ही सवय लावली तर डिकीतील डब्याचे प्रयोजन उरत नाही, आणि ही सवय फुकट आहे.

अपवाद आहेत. मनालीहून लेहला जाणाऱ्या आपल्याकडील तरुणांची संख्या अलीकडे बरीच वाढली आहे. त्या रस्त्यावर लाहौलमधील तांडी येथील पंपावर पुढचा पंप ३६५ किलोमीटरवर असल्याचे सांगणारी पाटी वर्षानुवर्षे प्रसिद्ध होती. तेथे राखीव डबा ही चैन नव्हे. पण तेथेही द्रव्याचा स्वभाव सुटत नाही. टांगलांग खिंड पाच हजार मीटरहून उंच आहे; तेथे हवेचा दाब समुद्रसपाटीच्या जवळपास निम्मा असतो. खाली घट्ट बंद केलेला डबा वर फुगतो आणि झाकण एकदम उघडल्यास इंधन तोंडावर उडते. हिवाळ्यात तर सपाटीवरचे साधे डिझेल गोठू लागते. म्हणूनच उणे तेहेतीस अंशांपर्यंत प्रवाही राहणारे खास हिवाळी डिझेल नोव्हेंबर २०१९ पासून लडाखमध्ये विकण्यास सुरुवात झाली. पुण्याहून नेलेला डबा तेथे डिसेंबरात उपयोगी पडेलच असे नाही.

ज्याला खरोखरच न्यावयाचा आहे त्याने धातूचा किंवा इंधनासाठीच बनविलेला जाड डबा घ्यावा. तो मोटारीत ठेवून भरू नये. जमिनीवर ठेवून, नळीचे तोंड त्याच्या काठाला टेकवून भरावा, म्हणजे घर्षणाने साचणाऱ्या विजेची ठिणगी पडत नाही. वरचा दहावा हिस्सा रिकामा ठेवावा. ज्या डब्यात पूर्वी पेट्रोल होते त्यात डिझेल भरू नये. तळाशी उरलेले थोडेसे पेट्रोलही साऱ्या डब्याचा स्वभाव पेट्रोलसारखा करून टाकते. डिकीत तो उभा आणि पट्ट्याने बांधलेला असावा. वीस लिटर डिझेलचे वजन जवळजवळ सतरा किलो भरते, आणि साठच्या वेगात मोटार अचानक थांबली तर तो डबा थांबत नाही. तो मागच्या आसनावरील मुलांच्या पाठीवर जातो. प्रवास संपला की डबा टाकीत रिता करावा. महिनोन्महिने साठविलेल्या डिझेलमध्ये पाणी धरते व गाळ साचतो, म्हणजे ज्या संकटासाठी राखले त्या दिवशी ते इंजिनालाच बाधते. आणि पेट्रोलचा डबा, मग तो भाच्याच्या मोटारसायकलसाठी असो की आणखी कशासाठी, माणसे बसलेल्या बंद मोटारीतून नेऊच नये असे माझे स्पष्ट मत आहे.

साठा कोणी करावा, हा प्रश्न शेवटी सार्वजनिक अर्थव्यवस्थेचा आहे. विशाखापट्टणम, मंगळूर आणि पादूर येथे सरकारने खडकात कोरलेल्या गुहांतून ५३ लाख टनांहून अधिक कच्च्या तेलाच्या साठ्याची सोय केली आहे. देशाच्या सुमारे साडेनऊ दिवसांच्या गरजेइतकी ही क्षमता आहे, आणि तिचा खर्च आपण करांतून दिला आहे. पण गुहेतील कच्चे तेल आणि पंपावरील डिझेल यांच्यामध्ये तेलशुद्धीकरण कारखाना, डेपो आणि टँकरचा चालक आहे. २०२४ च्या जानेवारीत तुटली ती ही शेवटची कडी. ती तुटल्यास जिल्ह्यातील रुग्णवाहिका, एस. टी. आणि दुधाच्या गाड्या यांना आधी इंधन मिळेल, इतरांना किती मिळेल, हे पहिल्या तासातच जिल्हा प्रशासनाने जाहीर केले असते तर माझ्यासारखे पुष्कळजण कॅन घेऊन बाहेर पडले नसते. आम्हाला बातमी मिळाली ती दूधवाल्याकडून, आणि ‘आठ दिवस काही येत नाही’ अशी.

भुसावळजवळच्या त्या मेस्त्रींनी उरलेले डिझेल कपड्यातून गाळून माझ्या टाकीत ओतून दिले आणि पैसे घेतले नाहीत. आहेराची साडी अर्थात गेली. पत्नीने अकोल्यास पोहोचल्यावर दुसरी घेतली आणि त्या साडीची किंमत माझ्या राखीव साठ्याच्या हिशेबात मांडावयास सांगितले. ती मांडली असता तो वीस लिटर डिझेल मला दुपटीहून महाग पडले. रिकामा कॅन घरी आणल्यावर आमच्या कामवाल्या बाईंनी तो पाण्यासाठी मागितला. धुऊनही वास आणि अंश जात नाही, तो पिण्याच्या पाण्याला चालणार नाही, हे त्यांना समजावून सांगितले आणि कोणी चुकून वापरू नये म्हणून भंगारात देण्याआधी सुरीने त्याचा तळ कापला.